पुसण्याआधी वाचा

इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली गाडी गॅरेजात गेली, की पहिलं काम ठरलेलं असतं. स्कॅनर लावायचा, बिघाडाचा कोड पुसायचा आणि सांगायचं, "साहेब, दिवा घालवला." यामागे हेतू मदतीचाच असतो, पुष्कळदा त्याचे पैसेही कोणी घेत नाही. तरी माझी तक्रार नेमकी याच कामाबद्दल आहे. दिवा गेल्याने बिघाड जात नाही, बिघाडाचा पुरावा मात्र जातो.

माझ्याकडे दोन दारांची, चार सिलिंडरची, टर्बो इंजिनाची जुनी स्पोर्ट्स कार आहे. ती मिसिंग करत होती, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नव्हतं. पुण्यात सिग्नलला उभी असताना काही नाही, गल्लीबोळांत काही नाही. खंबाटकी घाटाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके द्यायची, पाय सैल केला की पुन्हा सुरळीत. अशा वेळी पिवळा दिवा नुसता लागत नसे, तो लुकलुकायचा. लुकलुकण्याचा अर्थ गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, त्या उष्णतेने त्याच्या आतली जाळी वितळू शकते, तेव्हा जोर ताबडतोब कमी करा, असा तो इशारा आहे. "सेन्सरचा दिवा आहे, चालवा बिनधास्त," हे वाक्य मी त्या काळात इतक्या तोंडांतून ऐकलं, की पुस्तिका फक्त मीच वाचतो का, असं वाटू लागलं.

मिसिंग इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळतं कसं, हे समजून घेतलं की पुसण्याचा राग का येतो ते कळेल. क्रँकशाफ्टला दात असलेलं एक चाक असतं. अनेक गाड्यांत साठ दातांच्या जागा आणि त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले. समोरचा सेन्सर प्रत्येक दात जायला किती वेळ लागला ते मोजतो. तीन हजार आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात दर दहा मिलिसेकंदांनी एक स्फोट होतो आणि प्रत्येक स्फोटाने क्रँकला किंचित वेग मिळतो. एक स्फोट चुकला की तेवढ्यापुरता वेग पडतो. कोणाची पाळी चुकली, हे कॉम्प्युटर त्यावरून ओळखतो आणि तसा कोड टाकतो. पी ०३०० म्हणजे कुठलंही एक सिलिंडर ठरत नाही. पी ०३०३ म्हणजे तिसरं सिलिंडर. माझ्या गाडीचा कोड पी ०३०३ होता.

कोड पडतो त्या क्षणाची आणखी एक नोंद आत राहते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आरपीएम किती, वेग किती, इंजिनावर भार किती, पाणी किती तापलेलं, कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा पेट्रोल जास्त देत होता की कमी, हे सगळं त्यात असतं. कधीतरीच होणाऱ्या बिघाडात याहून मोलाची गोष्ट नाही, कारण गॅरेजात गाडी नेहमी शहाण्यासारखीच वागते. इरेजचं बटण दाबलं की कोडबरोबर ही नोंदही जाते. चोरी झालेली खोली आधी झाडूनपुसून घ्यायची आणि मग पंचनाम्याला माणसं बोलवायची, असा हा प्रकार आहे. बॅटरीचं टर्मिनल काढून "रिसेट" करणारे याच्याही पुढे जातात. अनेक गाड्यांत त्यामुळे कॉम्प्युटरने हळूहळू शिकलेली पेट्रोलची दुरुस्तीही शून्यावर येते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना ही समान कोडपद्धत सक्तीची झाली. तिथेही लोक धुराच्या तपासणीआधी कोड पुसू लागले, म्हणून २०१० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने स्कॅनरने पुसताच येत नाहीत असे कायमचे कोड आणावे लागले. बिघाड खरोखर गेला, अशी गाडीची स्वतःची खात्री पटल्यावरच ते जातात. इतका कडक नियम करावा लागला, यातच या सवयीची ताकद दिसते.

दुसरी तक्रार पार्ट बदलण्याची. मिसिंग म्हटलं की "चारही प्लग टाकू, चारही कॉइल टाकू" हे उत्तर तयार असतं. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत याची काही गरज नाही. तिसऱ्याची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवायची, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि गाडी पुन्हा चढावर न्यायची. कोड पी ०३०२ झाला तर दोष कॉइलचा. पी ०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. या चाचणीला एकही नवा पार्ट लागत नाही. तरी ती करायला कोणी तयार होत नव्हतं. नव्या कॉइल बसवून गाडी परत दिली की काम केल्यासारखं दिसतं, अदलाबदल करून परत दिली की काहीच केलं नाही असं दिसतं, एवढंच मला त्याचं कारण दिसतं.

काढलेले प्लग तर मला कधी दाखवलेच नाहीत, ते थेट भंगाराच्या डब्यात गेले. प्लगच्या टोकावर सिलिंडरच्या आत काय चाललंय ते दिसतं. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओलसर तेल असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पेट्रोलने भिजलेला असेल तर पेट्रोल पोचतंय पण ठिणगी पडत नाही. पांढऱ्या पोर्सिलीनवर बारीक काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरच्या बाजूने पळते आहे. चार प्लग ओळीत मांडून पाहिले असते तर पाच मिनिटांत निम्मा तपास झाला असता.

तिसरी तक्रार ट्रायलची. ट्रायल म्हणजे गॅरेजपासून कोपऱ्यापर्यंत आणि परत. माझी गाडी तिथे कधीच चुकली नसती आणि त्याचं कारण साधं आहे. ठिणगी पाडायला लागणारा व्होल्टेज सिलिंडरमधल्या दाबाबरोबर वाढतो. कॉइल बारा व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करते. रिकाम्या रस्त्यावर हळू चालताना त्यातले थोडेच लागतात. चढावर टर्बो पूर्ण हवा कोंबतो, तेव्हा जवळजवळ सगळे लागतात. वीजपुरवठ्यात कुठेही थोडी कमतरता असेल तर ती तिथेच उघडी पडते. "आमच्याकडे तर काही झालं नाही" हे ऐकून माझा जीव वैतागायचा, कारण जिथे होतं तिथे कोणी गेलेलंच नसायचं.

चौथी तक्रार पेट्रोलला आणि खड्ड्यांना दोष देण्याची. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, तेव्हा जुन्या इंजिनाला त्याचा त्रास होऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण पेट्रोल एकाच टाकीतून चारही सिलिंडरना जातं. खड्ड्यांतून जाताना चाकांचे धक्के क्रँकपर्यंत पोचून कॉम्प्युटरची फसगत होते, हेही खरं. म्हणून काही गाड्या चाकांचे सेन्सर पाहून खराब रस्त्यावर मिसिंगची मोजणीच थांबवतात. पण खंबाटकीचा रस्ता गुळगुळीत होता, आणि पेट्रोल काय किंवा खड्डा काय, दर वेळी नेमकं तिसरंच सिलिंडर निवडत नाही. एवढा साधा विचार करायला यंत्रही लागत नाही.

शेवटी गाडी नीट केली ती एका वयस्कर वायरिंगवाल्याने. त्यांनी आधी काहीच पुसलं नाही. कोड आणि फ्रीझ फ्रेम वहीत उतरवून घेतली: आरपीएम चार हजारांजवळ, भार जास्त, पाणी गरम. मग चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. तिसरा पेट्रोलने भिजलेला, बाकीचे कोरडे आणि तपकिरी. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं. कॉइलची अदलाबदल केली, कोड तिसऱ्यावरच राहिला. राहता राहिली वायर. ब्रेक दाबून, क्लच किंचित सोडून त्यांनी इंजिनावर भार दिला. इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कललं, आणि तिसऱ्या कॉइलकडे जाणारी वायर क्लिपपाशी ताणली गेली. ती हाताने ओढल्यावर लांबली. वेष्टन शाबूत होतं, आतल्या तांब्याच्या बहुतेक तारा तुटलेल्या होत्या. उरलेल्या एखाददुसऱ्या तारेवर गाडी शहरात चालत होती. चढावर भार आला की तीही सुटायची. नवी वायर, वर स्लीव्ह, क्लिपची जागा बदलली, आणि मिसिंग गेलं.

या कामात त्यांनी असं काहीच वापरलं नाही, जे आधीच्या गॅरेजांत नव्हतं. स्कॅनर सगळ्यांकडे होता, पाने सगळ्यांकडे होते. त्यांनी फक्त क्रम पाळला: आधी वाचलं, मग लिहिलं, मग तपासलं, मग बदललं, आणि सगळ्यात शेवटी पुसलं.

गाडी सर्व्हिसिंगला देताना जॉबकार्डवर टाकीतलं पेट्रोल, किलोमीटर, बंपरवरचे ओरखडे, पायपुसणी किती आणि स्टेपनी आहे की नाही, हे सगळं काटेकोर लिहितात. त्याच कागदावर कोड आणि फ्रीझ फ्रेमसाठी एक ओळ असायला हवी, काढलेले पार्ट मालकाला दाखवल्याची दुसरी, आणि ट्रायल कुठे घेतली त्याची तिसरी. गॅरेजवाल्यांनी ती छापली नाही तर मालकांनी हाताने आखावी. माझी मागणी एवढीच आहे, की त्या तीन ओळी भरल्याशिवाय इरेजच्या बटणाला कोणाचं बोट लागू नये.