वड क्रमांक १७ यांच्या वयाबाबत

प्रति,
मा. वृक्ष अधिकारी साहेब यांच्या सेवेशी

विषय : चौक सुधारणा प्रकल्पातील वडाचे वय काढल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

आमच्या चौकातल्या वडावरची आपली नोटीस वाचली. खोडाच्या मागच्या अंगाला, कचराकुंडीकडे तोंड करून, चांगल्या चार इंची खिळ्यानं ठोकली आहे. वाचताना नाक दाबावं लागलं. पण हरकतीला मुदत सात दिवस, त्यातले चार दिवाळीचे, तेव्हा नाकाचे लाड करायला सवड नव्हती.

मला वाटलं होतं, एवढा चौक रुंद करायचा म्हणजे पर्यावरणाचा जाडजूड अहवाल झाला असेल. कार्यालयात विचारलं. टेबलामागच्या गृहस्थांनी समजावलं, की १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेत महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, बंदरं आहेत, चौक नाही. धूर किती वाढेल, पावसाचं पाणी कुठून जाईल, हे चौकाला विचारायचं नसतं. म्हणजे आमच्या प्रकल्पाचा अख्खा पर्यावरणीय आढावा खिळ्यावरच्या त्या एका कागदात मावला. काटकसर आवडली.

त्या कागदावर रकाना आहे : ‘अंदाजे वय – ४८ वर्षे’. साहेब, इथे मात्र मी हात जोडले. वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाल्यापासून पन्नाशी गाठलेलं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. शिवाय तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावायची. आमचा वड बरोबर दोन वर्षांनी हुकला आणि रोपंही आवाक्यात राहिली. आमच्या आत्यानं नणंदेचं लग्न जमेपर्यंत तिचं वय सलग सहा वर्षं एकोणतीसच सांगितलं होतं, पण तिच्याही हाताला ही सफाई नव्हती.

मोजणी मी डोळ्यांनी पाहिली. टेप घेऊन एक पोरगा आला. खोडाला वटपौर्णिमेचे दोरे इतके, की टेप वरून लावायची की खालून यावर त्याचं आणि मुकादमाचं वाजलं. शेवटी पोरानं ब्लेड काढलं. गल्लीतल्या बायकांचे सात-सात जन्म मिनिटभरात खाली पडले. जमिनीत उतरून खांब झालेल्या तीन पारंब्या त्यानं धरल्याच नाहीत. त्या म्हणे ‘मूळ झाडात येत नाहीत’. खोडात पोकळी आहे, तिचीही काही वजावट झाली असावी.

आता ती ४८ रोपं. नियमानं सहा फुटी हवीत, सात वर्षं जपायची, आणि जागा कुठली, तर गावाबाहेरची टेकडी. वडाखाली एक चहावाला आहे, एक किल्लीवाला, आणि दुपारी दोन ते चार सीटवर पाय वर करून झोपणारे तीन रिक्षावाले. त्यांनी सावलीसाठी टेकडीवर जायचं की सावली पोचती करण्याची सोय आहे, तेवढं नोटिशीत राहिलं.

हे सगळं कशासाठी, तर गाड्यांना डावीकडे न थांबता वळता यावं म्हणून. वळल्यावर दोनशे मीटरवर पुढचा सिग्नल आहे. तिथे सगळे थांबतील, उन्हात. पुढे तोही चौक सुधारालच. पुण्यातल्या विद्यापीठ चौकाचा उड्डाणपूल जेमतेम दीड दशक उभा राहिला. २०२० मध्ये तो पाडला, मेट्रोसह दुमजली पूल हवा म्हणून. त्या बिचाऱ्याच्या खांबाला टेप लावून कुणी वय काढलं नाही. काँक्रीटला पन्नाशीची अट नाही हे बरंच आहे, नाहीतर राज्यात हेरिटेज उड्डाणपूल शोधत हिंडावं लागलं असतं.

माझी हरकत किरकोळ आहे. १९७१ सालचा एक फोटो सोबत जोडला आहे. वडील नवी सायकल घेऊन आले, त्या दिवशीचा. सायकल शेजारी, आणि वडील याच वडाच्या खोडाला रेलून उभे. आपल्या हिशेबानं वडाचा जन्म १९७७ चा, तेव्हा वडील हवेला टेकले होते हे मी मान्य करतो. सायकलही बहुधा तशीच असावी.

आपला नम्र,
हरकतदार क्र. १ (आणि बहुधा शेवटचा)

ता. क. : वडिलांच्या जन्मदाखल्याची प्रत जोडली आहे. त्यांच्या वयाबद्दल कार्यालयाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.