आक्काचा ब्लँक

आमच्या आक्काशी बोलायचं तर तोंडातला घास आधी गिळावा लागतो. घास तसाच गालात ठेवून कुणी बोललं, तर ती रागावत नाही, टोकत नाही. टेबलाखाली तिच्या उजव्या पायाचा चवडा तेवढा डावीकडं वळतो आणि फरशी हळूच दाबतो. नवख्या पाहुण्याला यातलं काही कळत नाही. आम्हाला कळतं. आक्का त्याला रिवाइंड करत असते.

हा पाय तिच्या नोकरीनं दिलेला. आक्का मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन करते. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला, की त्याची सगळी हकीकत रेकॉर्डरपुढं बोलून टाकतो. ती फाईल इकडं येते आणि हातकणंगल्यात, माडीवरच्या खोलीत, आक्का ती ऐकून टाइप करते. हात कीबोर्डवर, म्हणून पायाखाली पेडल. मधे दाबलं की आवाज चालू, डावीकडं दाबलं की मागं, उजवीकडं की पुढं. कानावर हेडफोन. त्याचा स्पंज कधीच फाटला. त्यावर तिनं इचलकरंजीच्या मागावरच्या पांढऱ्या सुती कापडाची टोपडी शिवून चढवलीत. दर रविवारी ती धुऊन दोरीवर वाळत घातलेली असतात आणि खालून जाणारी एखादी म्हातारी हमखास विचारते, "बाळंतीण कोण हाय गं वर?"

१९९० च्या दशकाच्या अखेरीला हे काम आपल्याकडं आलं. बी.एस्सी. होऊन घरात बसलेल्या पोरांपोरींनी कोर्स लावले, त्यात आक्का. कोल्हापूरला जाऊन-येऊन शिकली. एमटी, एमटी असं घरात फार व्हायला लागलं तेव्हा आज्जीनं विचारलं होतं, "यस्टी म्हाईत हाय. ही यमटी कुठनं सुटती?"

पैसे ओळीवर. ओळ म्हणजे ६५ अक्षरं, स्पेस धरून. म्हणजे दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचे पैसे मिळतात; न कळलेल्या शब्दाच्या जागी मोकळी जागा सोडली की मार्क कटतात. या दुसऱ्या मोकळ्या जागेला त्या धंद्यात ब्लँक म्हणतात. ब्लँक टाकायचा, शेजारी किती मिनिटं किती सेकंदाला शब्द गेला ते लिहायचं आणि पुढं सरकायचं. नियम एकच, पण कडक: वाटलं म्हणून लिहायचं नाही. फार ब्लँक पडले तर वरचे लोक नाराज, अंदाजानं लिहिलं तर पेशंटच्या जिवाशी गाठ. या दोन्हींच्या मधल्या बोळातून आक्का रोज ये-जा करते. अडचण एवढीच, की काम संपवून खाली आल्यावरही ती त्याच बोळात असते.

"ऐकलंस, का वाटलं?" हा तिचा मुख्य प्रश्न. हातकणंगल्यात या प्रश्नाला तोंड देणं अवघड. जयसिंगपुरात ऊस परिषद झाली, की दुसऱ्या दिवशी पहिल्या उचलीचा आकडा आमच्या गल्लीत चार तऱ्हांनी येतो. प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगतो. आक्का जिन्यात उभी राहून विचारते, "भाषण स्वतः ऐकलं तुम्ही?" न्हाई, मेव्हण्यानं ऐकलं. "मेव्हणे स्टेजपासून किती लांब हुते?" लोक चहा अर्धा टाकून उठतात. अमक्याची पोरगी पळून गेली, तमक्याच्या रानाचा सौदा फिसकटला, अशा गल्लीतल्या थोर थोर बातम्या आमच्या दारात येऊन विझल्यात. आईला याचं फार दुःख. "हिच्यामुळं मला कोण काय सांगत न्हाई," म्हणते.

डॉक्टरांना तिनं आपली नावं ठेवलीत. खरी नावं ती सांगत नाही, आणि पेशंटचं नाव-गाव तर ब्रह्मदेवालाही सांगणार नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हिपा नावाचा कायदा अमेरिकेत १९९६ साली झाला. आमच्या तालुक्यात तो मनापासून पाळणारी बहुधा ती एकटीच. एरवी आमच्याकडं कुणाची साखर किती, हे स्टँडवरच्या चहावाल्याला रिपोर्ट यायच्या आधी कळतं. तर एक डॉक्टर 'गुळण्या', त्याच्या सगळ्या शब्दांत पाणी भरलेलं. एक 'ऊसतोड', तो प्रत्येक शब्दाचं वाढं छाटून टाकतो, नुसती कांडी ठेवतो. एक चिप्स खात बोलतो. कुरकुर संपेपर्यंत थांबायचं आणि मग रक्तदाबाचे आकडे टिपायचे. एक गाडी चालवत बोलतो आणि सिग्नल लागला की एकदम स्पष्ट होतो. "देवा, त्याला लाल सिग्नल लागू दे," असं पहाटे तिनं पुटपुटलेलं आम्ही ऐकलंय.

हे सगळे तिला झेपतात, कारण घरात दाजी आहेत. दाजींच्या तोंडात अंघोळीनंतर तंबाखू जाते ती जेवायलाच बाहेर येते. खालचा ओठ फुगलेला, मान जरा वर, आणि त्या स्थितीत ते पंचायतीपासून पावसापर्यंत सगळं बोलतात. आम्हाला ऐकू येतं ते "म्म्हं ऊं म्होटर म्म." आक्का शांतपणे सांगते, "वरच्या मळ्यातली मोटार जळलीय, तिघांना बोलवा म्हणालेत." कोर्सच्या बाईंनी पाया घातला, इमारत दाजींनी बांधली, असं तीच म्हणते. पोरांना शिकवताना उदाहरणालाही दाजीच: "डिस्फेजिया म्हणजे गिळता येत न्हाई. डिस्फेझिया म्हणजे बोलता येत न्हाई. तुझ्या बाबांना दोन्ही न्हाई, नुसती तंबाखू हाय."

घरात कोबी झाला की एक गोष्ट ऐकावी लागते. शिकाऊ असताना तिच्या कानावर आलं, 'स्टेटस पोस्ट कॅबेज टाइम्स थ्री'. हृदयाच्या बायपासचं लांबलचक इंग्रजी नाव आखडलं की सी-ए-बी-जी होतं आणि तिकडचे डॉक्टर त्याला लाडानं कॅबेज म्हणतात. या बाबाला तीन ग्राफ्ट घातलेले. आक्काच्या शेजारच्या पोरीनं सरळ कोबी टाइप केला होता. "तीन वेळा कोबी होऊन गेलेला पेशंट!" आक्का ताटात भाजी वाढत म्हणते, आणि तेवढ्यात दाजी आपली वाटी मागं घेतात.

पाहुण्याला ॲसिडिटी असेल तर दुसरी गोष्ट. अमेरिकेत पित्तावरचं एक औषध लोसेक नावानं निघालं. ते लॅसिक्सशी, म्हणजे लघवी वाढवायच्या गोळीशी, घोळायला लागलं. १९९० मध्ये त्याचं नाव बदलून प्रायलोसेक केलं. "मग?" पाहुणा विचारतो, पोटावर हात ठेवून. "मग ते प्रोझॅकशी घोळायला लागलं." इथं आक्का हसते, पाहुणा हसत नाही. त्याच्या खिशातली गोळी कुठली आहे, हे तो हळूच काढून बघतो.

पण तिचं काम खरं बघायचं तर त्या एका रात्रीचं. पेशंट म्हातारी बाई. नवरा अलीकडंच वारलेला, गुडघे धरलेले. डॉक्टर घाईत गोळ्यांची यादी सांगतोय आणि मधेच 'सेले' म्हणून खोकतो. आक्कानं पाय डावीकडं दाबला. परत. वेग कमी केला, आवाज वाढवला. परत. सेलेब्रेक्स असेल तर सांधेदुखीचं, सेलेक्सा असेल तर उदासीवरचं; दोन्ही तिकडं १९९८ सालातच मंजूर झालेली. तिसरं सेरेबिक्स, फिटवरचं, पण ते इंजेक्शन आणि यादी तर गोळ्यांची, म्हणून ते तिनं बाजूला काढलं. अशा वेळी डोस मदतीला धावतो. सेलेक्सा बहुतेक २० मिलिग्रॅम, सेलेब्रेक्स २००. इंग्रजीत दोन्ही आकडे 'ट'नं सुरू होतात आणि डॉक्टरनं खोकला गिळता गिळता नेमका 'ट'च म्हटला. पुढं, रोज एक. तेही दोन्हींना लागू. मग तिनं हकीकत पहिल्यापासून ऐकली. गुडघे दुखतात, हे आहे. झोप नाही, जेवण जात नाही, हेही आहे. त्या वेळी फोनवर असलेली तिची मैत्रीण म्हणाली, "सेलेब्रेक्स टाकून दे की. एवढे गुडघे दुखतायत तिचे." आक्का म्हणाली, "नवरा गेल्यावर नुसते गुडघेच दुखतात व्हय गं?"

ब्लँक टाकला. वेळ लिहिली. डॉक्टरनं स्वतः बघावं अशी चिठ्ठी जोडली. असल्या चिठ्ठीचं पुढं काय झालं, ते परत कधी कळत नाही; फाईल गेली ती गेली. पण आजही कधी चपाती लाटता लाटता तिचा हात थांबतो आणि ती म्हणते, "कुठली गोळी हुती कुणास ठाऊक."

गल्लीतल्या लोकांना या कानाचा उपयोग लवकर समजला. आमच्याकडचा माणूस मोठ्या दुखण्याला मिरज गाठतो. तिथं डॉक्टर काय म्हणाला, ते तो पॅसेंजरमधे घोकत येतो आणि हातकणंगले स्टेशनवर उतरेपर्यंत त्या शब्दाचं भुस्कट झालेलं असतं. मग ते आक्कापुढं ओततात. 'टुडीचा येको' म्हणजे टू-डी इको. 'किरटानीन' म्हणजे क्रिएटिनिन. एक निवृत्त गुरुजी सांगत आले, "माझं पोस्ट वाढलंय म्हणं." त्यांच्या बरोबरीच्या दोघांनी वाटेत अभिनंदन करून पेढे मागितले होते. रिटायर झाल्यावर पोस्ट वाढायचं भाग्य कुणाला! आक्कानं दोनच प्रश्न विचारले, रात्री किती वेळा उठता आणि धार कशी आहे, आणि प्रोस्टेट असा शब्द कागदावर लिहून दिला. औषध मात्र ती कधी सांगत नाही. मेडिकल दुकानदार एकदा डॉक्टरच्या अक्षरातली चिठ्ठी घेऊन माडी चढला, तर त्याला दारातनंच परत लावलं. "मी ऐकतो. वाचत न्हाई."

स्टेशनवर तर ती सार्वजनिक मालमत्ता आहे. कर्ण्यातून भसाभसा काहीतरी येतं, फलाटावरच्या माना तिच्याकडं वळतात. ती एक बोट वर करते, म्हणजे गप्प बसा, आणि मग जाहीर करते, "कोयना. चाळीस मिनिटं लेट." कधी म्हणते, "कोयना हाय. किती लेट ते गेलं." मग पोरंटोरं ओरडतात, "आक्का, अंदाजानं सांगा की!" आक्का अंदाजानं सांगत नाही. फलाटभर लोक उन्हात तिष्ठत उभे राहतात, पण कुणी तिला खोटं पाडू शकलेलं नाही.

अलीकडं तिचा एक नवा वैरी झालाय. डॉक्टरचं बोलणं आता आधी कॉम्प्युटरच टाइप करून ठेवतो आणि आक्कानं ते नुसतं ऐकत दुरुस्त करायचं. ओळीचा दर उतरला, ते दुःख आहेच. पण तिचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर. "याला ब्लँक म्हाईतच न्हाई!" डॉक्टर खोकला तर हे यंत्र खोकल्याचाही शब्द करतं, स्पेलिंग बिनचूक घालून. आमच्या तात्यांना कुणीही कुठलाही रस्ता विचारावा, ते ठामपणे हात करून दाखवतातच. न गेलेल्या गावाचा तर जास्तच ठामपणे. आक्काचं म्हणणं, कंपनीनं आत तात्या बसवलेत. गंमत म्हणून मी तिच्या मोबाईलला बोलून आमच्या गावाचं नाव लिहायला सांगितलं. 'हात कान गळे' उमटलं. "घे," आक्का म्हणाली, "तीन अवयव आणि तक्रार एक न्हाई."

परवा धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले. पोरगं चांगलं, शिकलेलं, खाली मान घालून पोहे खात होतं. त्याचे वडील दांडगे बोलके; पण मुद्द्याशी आल्यावर त्यांचा आवाज पोटात गेला. "आमचं काय मागणं न्हाई हो. तुमची पोरगी म्हणजे आमचीच. फक्त पोराच्या त्या गा... म्हणजे आपलं... जरा बघितलं तर..." असं काहीसं, कपात तोंड घालून. बैठकीतल्या सगळ्यांना ते लख्ख ऐकू आलं. आबांनी मान खाली घातली. मामा खाकरले. पन्नास वर्षं अशी वाक्यं ऐकून कशी घ्यायची, ते त्यांना पाठ होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आक्का. मी तिच्या पायाकडं बघितलं. चवडा डावीकडं.

"मामा, मधलं गेलं," ती म्हणाली. "परत बोला की जरा."

"न्हाई, म्हटलं, आजकाल पोरांना नोकरीवर जायला-यायला..."

"ते आलं. त्याच्या म्होरलं. 'त्या'च्या नंतरचं."

पाहुण्यांनी आबांकडं बघितलं, आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. आक्काच्या चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता. एखादं हृदय, एखादं मूत्रपिंड ऐकावं तसं ती ऐकत होती.

"पोराच्या त्या म्हणालासा. कुठल्या त्या?"

खोलीत पंखा तेवढा बोलत होता. पोहे खाणाऱ्या पोरानं मान वर केली आणि पहिल्यांदाच बापाकडं सरळ बघितलं.

"काय न्हाई हो," पाहुणे कप खाली ठेवत म्हणाले, खणखणीत, लाल सिग्नलला थांबल्यासारखे. "चहा फक्कड झालाय, म्हटलं."

सोयरीक जमली. गाडी पोरानं स्वतःच हप्त्यावर घेतली. पाहुणे गेल्यावर आबांनी आक्काला आत बोलावून विचारलं, खरंच ऐकू आलं नव्हतं का तुला?

"चहा फक्कड झालाय म्हणाले," आक्का म्हणाली. "तीनदा ऐकलं की मी."