तात्यांचा खुनी

तात्यांना तुम्ही ओळखता. तळेगावजवळच्या आमच्या इंदुरीत राहत नसलात तरी ओळखता. मालिकेतला खून पडायच्या आत खुनी जाहीर करणारा एक जण तुमच्या आळीत, सोसायटीत, गेला बाजार सासुरवाडीत असतोच. थिएटरात मागच्या रांगेतून ‘तो मामाच आहे बघ’ असं सांगणारा तो हाच. अंदाज चुकला तर ‘त्यांनी शेवट बदलला’. बरोबर आला तर पुढचे आठ दिवस त्याच्या दारावरून जायची सोय नाही.

आमचे तात्या या जमातीतले ज्येष्ठ. तळेगावच्या एका कारखान्यात गेटवर सुरक्षारक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेली. पाळी सुटली की कामगारांचे डबे उघडून बघायचे, हे काम. “मास्तर, माणसाचं तोंड बघून सांगतो, डब्यात भाकरी हाये का तांब्याची तार.” किती तारा सापडल्या, हे विचारलं की तात्या खोकतात. निवृत्त झाले, डबे संपले आणि संशय मात्र शिल्लक राहिला. तो त्यांनी टीव्हीकडे वळवला. आमची भिंत एक असल्यामुळे त्यांच्या टीव्हीवरचा गोळीबार आधी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो आणि पाठोपाठ तात्यांची हाक: “मास्तर! लिहून ठेवा!”

‘सीआयडी’ १९९८च्या जानेवारीत सुरू झाली आणि २०१८मध्ये थांबली, तोवर तिचे दीड हजारांवर भाग झाले होते. तात्यांचा दावा असा की त्यांनी ते सगळे पाहिले. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम यांना ते सहकारी मानतात. साटम त्याआधी दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’मध्येही पोलिसच होते आणि मुळात बँकेत नोकरीला होते, ही माहिती तात्या पाहुण्यांना कुलवृत्तांतासारखी देतात. “ते बँकेत, मी गेटवर. संशय घ्यायची सवय नोकरीतच लागती.”

त्यांच्या तपासाचं सूत्र एकच. पोलिस चौकशीला घरी येतात, घरातली बाई ट्रे घेऊन येते, कप टेबलावर ठेवले जातात. बस्स. तिथून पुढे तात्या संवाद ऐकत नाहीत, फक्त कप बघतात. “ज्यानं च्या घेतला नाय, त्यो खुनी. पोटात पाप असलं की च्या उतरत नाय.”

आता मालिकेत चहा कुणीच पीत नाही. एकेक दृश्य पाचदा चित्रित करायचं म्हटल्यावर दर वेळी चहा कुठून आणणार? कप बहुधा रिकामेच असतात. नट नुसते ओठाला लावतात आणि खाली ठेवतात. हे मी एकदा तात्यांना समजावून सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले आणि मग त्यांचे डोळे चमकले. “म्हंजे रिकामा कप पिऊन दाखवतोय? मग तर त्योच!”

२०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ लागली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला नाईकांचा वाडा, अण्णांचा मृत्यू आणि घरभर पसरलेला संशय. सगळा महाराष्ट्र एकेकाचं नाव घेत होता. तात्यांनी घाऊक संशय घेतला. एवढ्या माणसांत एकानंही बशीत ओतून, फुंकर मारून चहा प्यायलेला त्यांना दिसला नाही. म्हणून गडी पांडूपासून थेट थोरल्या सुनेपर्यंत सगळे त्यांच्या यादीत. शेवटी मालिकेनं उत्तर दिलं, तेव्हा तात्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “यादीत नाव होतं का नव्हतं?” होतं. नसून जाईल कुठे!

ही विद्या पडद्यापुरती राहिली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण चाकणकडचा एक मुलगा शेजारच्या घरी मुलगी बघायला आला आणि ‘चहा नको, आत्ताच झाला’ म्हणाला. तात्यांनी दाराआडून मला खूण केली: लिहून ठेवा. लग्न झालं, दोन मुलं झाली. जावई इतका सरळ की सासूच्या गुडघ्यांचं औषधही तोच आणतो. तात्या म्हणतात, “अजून वेळ गेलेली नाय.” ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत घरोघरी फिरणाऱ्या उमेदवारांनाही हीच परीक्षा. दिवसाला चाळीस घरं फिरणारा माणूस चाळीस चहा कसा पिणार, हा विचार तात्यांच्या शास्त्रात बसत नाही. आणि मला? ॲसिडिटीमुळे डॉक्टरांनी चहा बंद केला, तेव्हापासून त्यांच्या घरातली माझी खुर्ची टीव्हीसमोरून दाराजवळ गेली. काकू सरबत देतात. तात्या माझ्या ग्लासाकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

३१ ऑगस्ट २०२० पासून ‘देवमाणूस’ सुरू झाली, तेव्हा टाळेबंदीमुळे अख्खं गाव घरात होतं आणि तात्यांना हुकमी श्रोते होते. पण मालिकेनं त्यांचा घात केला. डॉक्टरच खुनी आहे, हे सुरुवातीलाच उघड. तात्या आठवडाभर संतापात होते. “खुनी तुमीच सांगनार, मग आमी काय करायचं?” साताऱ्याकडच्या एका खऱ्या हत्याकांडावरून ही गोष्ट सुचल्याची तेव्हा सगळीकडे चर्चा होती. तिथल्या माणसांनी त्या डॉक्टरच्या हातचं औषध वर्षानुवर्षं घेतलं असेल, हे मी म्हणून पाहिलं. तात्यांना खऱ्या खुनात रस नाही. त्यात म्हणे फार वाईट वाटतं. मग ‘पुढचा बळी कोण’ यावर त्यांनी समाधान मानलं आणि १५ ऑगस्ट २०२१ला मालिका संपली, तेव्हा जाहीर केलं की डॉक्टर परत येणार. चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, दुसरा भाग सुरू झाला. इंदुरीत पेढे वाटायचे तेवढे राहिले.

हा त्यांचा दुसरा नियम: प्रेत दाखवलं नाही तर माणूस जिवंत. ‘सीआयडी’ २०२४च्या डिसेंबरात पुन्हा आली आणि पुढच्या एप्रिलात एसीपी प्रद्युम्न स्फोटात गेले. वाहिनीनं श्रद्धांजलीसुद्धा वाहिली. माणसं खरोखर रडली. तात्या घट्ट बसून होते. “बॉडी कुठाय?” नवा एसीपी आला, त्याच्याशी ते महिनाभर बोलले नाहीत, म्हणजे टीव्हीशी बोलले नाहीत. पुढे साटम परतले, तेव्हा तात्यांनी उठून नमस्कार केला.

खरं तर त्या घरातली गुप्तहेर वेगळीच आहे. सूनबाई. ती कणीक मळता मळता एक वाक्य बोलते आणि सात भागांची हवा काढून घेते. “ही आता मरणार. हिला दुसऱ्या वाहिनीवर मालिका मिळालीय.” तिला कप लागत नाहीत, पुरावे लागत नाहीत. प्रोमोत दिसतो तो खून निम्म्या वेळा स्वप्न निघतो, हे तिनंच मला शिकवलं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि रोजच्या मालिकेची गोष्ट त्या आकड्यांकडे बघून वळणं घेते. कालचा संशयित लोकांना आवडायला लागला तर पुढच्या महिन्यात तो नायकाचा हरवलेला भाऊ होतो. खुनी कोण, हे पुष्कळदा लेखकानंही ठरवलेलं नसतं. सूनबाई गुन्ह्याचा तपास करत नाही, वाहिनीच्या हिशेबाचा करते. तिचे दहातले आठ अंदाज बरोबर येतात. म्हणूनच तिच्याबरोबर मालिका बघण्यात अजिबात मजा नाही.

तात्यांना धीर यावा म्हणून मी त्यांना अमेरिकेतल्या ‘डॅलस’ मालिकेची हकिगत सांगितली. २१ मार्च १९८०च्या भागात जे. आर. नावाच्या तेलसम्राटाला कुणीतरी गोळी घातली आणि कुणी घातली याचं उत्तर मिळायला २१ नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात लंडनच्या सट्टेवाल्यांनी पैजा घेतल्या. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या नटांना गोळी झाडताना चित्रित करून ठेवलं होतं. शेवटी गोळी झाडणारी निघाली जे. आर.ची मेहुणी. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. “आठ महिने लावले? आन् पाव्हणी कपाला हात लावत नव्हती, हे कुनाच्या ध्यानात आलं नाय?”

मग मी त्यांना घरच्याच मैदानात गाठायचं ठरवलं. आमच्या गावातली गढी सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची. आत कडजाईचं देऊळ आहे. बुरुजावरून इंद्रायणी दिसते. खंडेरावांचे चिरंजीव त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ला डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना गोळी लागून पडले. ती गोळी समोरून आली नाही, त्यांच्याच मामानं मागून घातली, असं इतिहासाच्या पुस्तकांतून सांगितलं जातं. मी म्हटलं, “बोला तात्या. सुटली का केस?”

“मामानं त्या दिवशी च्या घेतला नसनार.”

“तात्या, १७३१ साली मावळात चहा कुठला?”

“मग पान घेतलं नसंल.” आणि मग जरा वेळानं, गढीच्या दरवाज्याकडे बघत, “घरातलाच असतो वो मास्तर. लांबचा मानूस कशाला एवढी तसदी घेईल?”

हे वाक्य मी लिहून ठेवलं. कारण तोवर मला एक गोष्ट कळली होती आणि तात्यांनी ती अजून काढली नव्हती.

तात्यांची नदीकडची जमीन वडिलोपार्जित, दोघा भावांची. इंद्रायणी भात पिकायचा; शिजायला लागला की वास आमच्या घरापर्यंत. तळेगाव-चाकण रस्त्यावर गोदामं उभी राहिली तसे मावळात गुंठ्यांचे भाव असे चढले की भाताचं नाव काढणारा वेडा ठरावा. धाकटा भाऊ एका संध्याकाळी आला. सातबाऱ्यावर वारसांची नीट नोंद करून घेऊ म्हणाला, कागद तयार आहेत म्हणाला. तात्या त्याच्याबरोबर गेले, कॅमेऱ्यासमोर बसले, अंगठा दिला, सही केली. कागद होता हक्कसोडपत्राचा. हरकतीसाठी पंधरा दिवस देणारी फेरफाराची नोटीसही घरी आली होती. ती सूनबाईला टीव्हीखाली सापडली, मुदत संपल्यावर. आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि पाटी दुसऱ्याच्या नावाची.

मला राग आला. डब्यातली तार ओळखणारा, अख्खा नाईकवाडा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणारा माणूस न वाचता सही कशी करतो? विचारलंच मी.

“त्यो दोन कप प्यायला, मास्तर,” तात्या म्हणाले. “दुसरा मागून घेतला.”

मला हसू आवरेना आणि हसणंही बरं दिसेना. तात्यांनी रिमोट उचलला, आवाज कमी केला. त्यांना हे करताना मी प्रथमच पाहिलं.

“आन् समजा वळखला असता. पुढं? आमची म्हातारी एक महिना माझ्याकडं, एक महिना त्याच्याकडं. तिला काय सांगायचं, ह्या महिन्यात तू खुन्याच्या घरी जेवतीस? टीव्हीतल्या मानसावर संशय घेतला तर त्याच्या घरची चूल थोडीच इझती?”

म्हणजे ओळखलं होतं की नाही, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. माझा स्वतःचा अंदाज असा आहे की नोटीस टीव्हीखाली आपोआप गेली नसावी. वर्षानुवर्षं मी या माणसाला भोळसट समजून त्याची टिंगल केली, आणि पुढेही करणार आहे, कारण भिंत एक आहे आणि गोळीबार थांबलेला नाही. पण दिवाळीला धाकटा आला, तेव्हा तात्यांनी स्वतः उठून काकूंना सांगितलं, “त्याला साखर जास्त लागती.” तो दोन्ही कप संपवून गेला. नेहमी ‘लिहून ठेवा’ म्हणणारे तात्या त्या दिवशी मला काहीही लिहून ठेवायला म्हणाले नाहीत.

वडगावच्या एका वकिलांना मी विचारून आलोय. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्यातलं एक वर्ष सरलं. सूनबाई तयार आहे, मुलगा तयार आहे, कागदांची नक्कल काढून ठेवली आहे. अडलंय ते तात्यांच्या सहीपाशी. इंदुरीतल्या, तळेगावातल्या जाणत्या माणसांना विनंती आहे की सवडीनं एखाद्या संध्याकाळी, जाहिराती चालू असताना, तात्यांकडे जाऊन त्यांना दोन शब्द समजावून सांगा. माझ्या बोलण्यावर ते विश्वास ठेवत नाहीत. मी चहा घेत नाही.