अण्णांचं घासकाम

मे ते सप्टेंबर या काळात अण्णांना भेटायचं असेल तर घराची बेल वाजवण्यात अर्थ नाही. वहिनी दार उघडतात, "खाली आहेत" एवढंच म्हणतात आणि दार लावून घेतात. खाली म्हणजे तळघरात नव्हे, बोटीखाली. ड्राइव्हवेवर ट्रेलर, ट्रेलरवर बोट आणि बोटीच्या पोटाखालून बाहेर आलेले दोन पाय. त्यांतल्या एका पायातला मोजा उलटा. त्या पायांना नमस्कार केला की आतून आवाज येतो, "कोण? बरं झालं आलास. जरा टॉर्च धर."

टॉर्च एकदा हातात आला की चहा होईपर्यंत सुटका नाही, आणि चहा वहिनींच्या मर्जीवर.

आमची वस्ती डेट्रॉईटच्या वायव्येला, ओकलंड काउंटीत. मिशिगन राज्यात 11,000 हून अधिक तळी आहेत. इथे दारात बोट असणं म्हणजे कोकणात परसात माड असणं, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. म्हणून अण्णांनी निवृत्त झाल्यावर जुनी बोट घेतली तेव्हा कुणी पेढेही मागितले नाहीत. बोट पाँटून जातीची. अॅल्युमिनियमची, दोन्ही तोंडं बंद केलेली लांबच लांब दोन नळकांडी, त्यांवर सपाट मजला, कठडा, सोफे आणि वर कापडी छत. दिवाणखाना उचलून पाण्यावर ठेवल्यागत हा प्रकार असतो. 1951 साली मिनेसोटातल्या अॅम्ब्रोज वीरेस या गृहस्थाने लोखंडी पिपांच्या दोन रांगांवर लाकडी फळ्या टाकून पहिली पाँटून केली, असं सांगतात. अण्णांचं या वीरेसबद्दल मत बरं नाही. "पिपं घेतली ती घेतली, निदान घासून तरी घ्यायची."

आता गंमत अशी, की ही नळकांडी तळाशी असतात. बोट पाण्यात सोडून वर सात-आठ माणसं बसली की ती निम्मी पाण्याखाली जातात आणि उरलेली निम्मी मजल्याच्या सावलीत. थोडक्यात, अण्णा उन्हाळाभर पाठीवर पडून जे उजळतात ते माशांखेरीज कुणाच्या दृष्टीस पडत नाही. हे मी एकदा धीर करून त्यांच्या कानावर घातलं.

"मग?" आतून आवाज आला. "मासे काय गावंढळ असतात?"

अण्णा मूळचे सांगलीचे. त्यांच्या घरी तांब्याचा बंब होता आणि दिवाळीआधी तो चिंच लावून लख्ख करण्याचं काम धाकट्याकडे, म्हणजे यांच्याकडे असे. बंबात तोंड पाहून भांग पाडता आला पाहिजे, ही आईची कसोटी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते इथे आले आणि एका मोटार कंपनीत बंपरच्या विभागात लागले. तेव्हा बंपर क्रोमचे होते, लांबून डोळ्यांत सूर्य मारायचे. मग त्यांच्या डोळ्यांदेखत क्रोम जाऊन रंगवलेलं प्लास्टिक आलं. अण्णांनी पुढची सगळी नोकरी प्लास्टिकमध्ये इमानाने केली, पगारवाढी घेतल्या, पण मनाने ते बंबापाशीच राहिले होते. निवृत्तीनंतर कुणी गीता वाचतं, कुणी मंडळाच्या निवडणुकीला उभं राहतं. अण्णांना राखाडी पडलेली, पांढुरके डाग धरलेली ही बोट एका गवतात उभी दिसली आणि त्यांचा जीव तिच्यावर जडला. इंजिन चालतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. वहिनींनी विचारलं.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी आईच्याच शास्त्राने सुरुवात केली. शेकोटीतली राख चाळून, ओली करून पुढच्या टोकाला चोळली. पितळेला राख चालते, म्हणून अॅल्युमिनियमलाही चालेल असा हिशेब. थोड्या वेळाने पाहतात तो ते टोक काळंठिक्कर. राखेत क्षार असतात आणि अॅल्युमिनियमला क्षार सोसत नाहीत. डिशवॉशरमध्ये घातलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं काळवंडतं तेही याच कारणाने. मग चिंच. चिंचेतल्या टार्टरिक आम्लाने मात्र डाग सुटू लागले आणि अण्णांना वीस-बावीस फुटी बंब मिळाल्याचा आनंद झाला. एका नळकांड्याला किती चिंच लागेल याचं गणित त्यांनी मांडलं आणि इंडियन स्टोअरमधला सगळा साठा उचलला. दुकानदाराने फक्त एवढंच विचारलं, "काका, पाणीपुरीचा धंदा काढला काय?"

बाजारात या कामासाठी तयार आम्लंही मिळतात, नुसती फवारली की काळं वाहून जातं. अण्णांनी तशी एक बाटली आणली, चष्मा लावून लेबल वाचलं आणि दुसऱ्या दिवशी परत केली. तिच्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं जाणवतही नाही, पण आत शिरून थेट हाडातल्या कॅल्शियमशी भिडतं. वहिनी म्हणाल्या, हा माणूस औषधाच्या बाटलीवरची तारीख कधी वाचत नाही, हे लेबल मात्र वाचलं, देव आहे.

चिंचेने डाग गेले, तरी तोंड दिसेना. इथून पुढे अण्णा चारचौघांतून उठून साधकांत जमा झाले.

त्यांच्या गराजमध्ये पॉलिश पेपरचे कप्पे आहेत, 400, 600, 1000, 1500, 2000. जितका आकडा मोठा तितका कागद बारीक. पाणी सोडत घासायचं. 400 ने आडवं घासलं तर 600 ने उभं. उभे ओरखडे आडव्यांना पुरते खाऊन टाकतात, तेव्हाच पुढच्या नंबराला हात लावायचा. मधला एखादा नंबर गाळला तर शेवटी चकाकी येते, पण उन्हात तिरपं पाहिलं की आतून जुना ओरखडा डोळा मारतो. अण्णा अशा ओरखड्यासाठी मागे फिरून पुन्हा 400 पासून सुरू करतात. मुलांच्या अभ्यासात त्यांनी इतकं कधी मागे वळून पाहिलं नव्हतं, हे वहिनींचं म्हणणं.

कागद संपले की बफ. सुती कापडाच्या चकत्या एकावर एक शिवून केलेलं ते चाक यंत्राला लावायचं, त्याला आधी तपकिरी आणि मग पांढरी पॉलिशची वडी चोळायची आणि नळकांड्यावर टेकवायचं. पहिल्यांदा सगळं काळं होतं. तेल, वडीतली भुकटी आणि सुटलेलं अॅल्युमिनियम यांचा काळा लगदा अण्णांच्या कोपरापर्यंत, चष्म्यावर, मिशीत. नवख्याला वाटतं, बिघडलं. मग तो लगदा पुसला की खालून आरसा निघतो, आणि त्या आरशात मिशीला काळं फासलेले अण्णा स्वतःकडे पाहून हसत असतात.

शेवटचा तेलकट हात काढायला पीठ लागतं. हा अण्णांचा शोध नव्हे. इथले ट्रकच्या टाक्या चमकवणारे लोकही पीठ नाहीतर कॉर्नस्टार्च भुरभुरून मऊ फडक्याने पुसतात, पीठ तेल शोषून घेतं. फक्त ते लोक पीठ दुकानातून आणतात. एका गणपतीला वहिनींनी मोदकांची पिठी काढायला डबा उघडला, तर आत मापटं तेवढं शिल्लक. त्या बाहेर येऊन पाहतात तो डावं नळकांडं पांढरंशुभ्र आणि अण्णा त्याला प्रेमाने पुसताहेत. त्या वर्षी बाप्पाला तळणीचे मोदक मिळाले.

अण्णांच्या सुखात विष कालवलं ते शेजारच्या म्हाताऱ्याने. तो तरुणपणी नौदलात होता आणि बोटींबद्दल बोलायचा त्याला आपोआप अधिकार. त्याने प्रथम सांगितलं, की अॅल्युमिनियम घासून उघडं पडताक्षणी हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. आतला धातू टिकतो तो त्याच्यामुळे. म्हणजे अण्णा ज्याला शत्रू समजून खरवडतात तो बोटीचा रखवालदार, आणि अण्णांची पाठ वळायच्या आत तो पुन्हा कामावर रुजू होतो. अण्णांनी हे ऐकून घेतलं. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

मग म्हाताऱ्याने ट्रेलरकडे बोट दाखवलं.

अण्णांचा बफ नुकताच ट्रेलरच्या दांड्यावर टेकणार होता. ट्रेलर जस्ताच्या मुलाम्याचा, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं लोखंड. म्हातारा म्हणाला, हे घासायचं नाही. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून तर लोखंड वाचतं, आणि त्यावर कालांतराने जो करडा, मंद थर येतो तो त्या जस्ताला जपतो. चमकवायला गेलात तर मुलामाच उतरेल आणि दोन-चार वर्षांत गंज.

"म्हणजे हे असं मळकंच राहणार?"

"जितकं मळकं तितकं निरोगी."

अण्णा आठवडाभर बोटीखाली गेले नाहीत. मी भेटलो तर म्हणाले, "अरे, असा कसा धातू? स्वतः मळून दुसऱ्याला जपायचं?" आतून वहिनींचा आवाज आला, "तीस वर्षं स्वयंपाकघरात काय पाहत होता मग?" अण्णांनी विषय बदलला. पुढे त्यांनी चाकांच्या अॅल्युमिनियम रिमवरचं पारदर्शक लॅकर उतरवून त्या उजळल्या आणि ट्रेलरवरची जळजळ तिथे काढली. नंबरप्लेटकडेही एकदा त्यांची नजर वळली होती, पण वहिनींनी वेळीच जेवायला हाक मारली.

पाहुण्यांसाठी त्यांनी उजव्या नळकांड्यावर तळहाताएवढी एक जागा मुद्दाम न घासता ठेवली आहे. "आधी कशी होती ते कळायला नको?" प्रत्येक पाहुण्याला आधी ती जागा, मग बाकीचं नळकांडं, मग पुन्हा ती जागा, असं दर्शन होतं. एका उत्साही मेव्हण्याने मदत म्हणून कठड्याचे स्टेनलेस खांब भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासले. त्या घासणीचे लोखंडी कण स्टीलवर राहिले आणि पंधरवड्यात चांगल्या स्टीलला तांबूस गंजाचे ठिपके आले. मेव्हण्याला पुढच्या वर्षीपासून गणपतीला फक्त फोन येतो.

एवढं सगळं झाल्यावर बोट पाण्यात? इथेच घोडं पेंड खातं. मिशिगनचा बोटींचा हंगाम मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत, आणि अण्णांचं काम ऑगस्ट संपता संपता पुरं होतं. शिवाय पाण्याने डाग पडतात. शेवाळाची रेघ उमटते, इथल्या जड पाण्याचा पांढरा क्षार बसतो. 2019 पासून इथे कायदाच आहे, की तळ्यावरून निघण्यापूर्वी बोट आणि ट्रेलरला चिकटलेलं गवत-शेवाळ काढायचं, बुचं उघडून पाणी सोडून द्यायचं, म्हणजे एका तळ्यातली उपद्रवी वनस्पती दुसऱ्यात जात नाही. बाकीचे लोक या कायद्याला वैतागतात. अण्णांना तो अपुरा वाटतो. बोट पाण्यात नेऊच नये, असं कलम त्यात हवं होतं.

तरी गेल्या लेबर डेच्या शनिवारी वहिनींनी परस्पर सात जणांना आमंत्रण दिलं आणि किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. कॅस लेकच्या रॅम्पवर ट्रेलर पाण्यात मागे सरकू लागला तेव्हा अण्णा बाजूने कमरेएवढ्या पाण्यात चालत होते, हातात मऊ फडकं. बोट तरंगली, आम्ही चढलो. तेवढ्यात शेजारच्या डॉकवरचा एक लालबुंद, टक्कल पडलेला गृहस्थ येऊन नळकांड्याकडे पाहत उकिडवा बसला. बराच वेळ बोलला नाही. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, शेवटचा कागद कितीचा वापरला?

अण्णा डॉकवर चढले ते त्याच्या शेजारी उकिडवे. 2000 नंतर थांबावं की 3000 वर जावं, यावर चर्चा रंगली. मग गृहस्थाने स्वतःचा करडा ट्रेलर दाखवला आणि हाही असाच उजळता येईल का, असं विचारलं. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जस्त," ते गंभीरपणे म्हणाले, "जितकं मळकं तितकं निरोगी," आणि हे ज्ञान जणू सांगलीहून येतानाच सोबत आणलं होतं अशा थाटात पुढे समजावू लागले.

वहिनींनी इंजिन सुरू केलं. बोट डॉकपासून सुटली.

"वहिनी, अण्णा राहिले!"

"राहू देत, येताना घेऊ. भेळीचा डबा काढा कुणीतरी. आणि लिंबू पिळून घ्या, चिंचेची चटणी नाहीये. चिंच सगळी खाली लागलीय."