भाऊजींचं पोट आणि सगळ्यांची मतं

हॅरो, लंडन

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांना,


विनयभाऊजी ‘पोट कापून घेणार’ ही बातमी तुम्हाला मिरजेच्या मावशींकडून कळली. मावशींना ती कुणी पुरवली याचा इथे तपास चालू आहे, आणि संशय तुमच्या थोरल्या चिरंजीवांवर आहे. तर आधी खुलासा. कुणी काही कापलेलं नाही. भाऊजी अजून विचार करताहेत. मी त्यांना उपाशी ठेवलं नाही आणि कोंबकोंबून खायलाही घातलं नाही. हे दोन्ही आरोप मावशींनी एकाच फोनमध्ये केले, म्हणून लिहिते.

भाऊजींचं वजन 108 किलो. आकडा शुभ आहे हे बाबांचं म्हणणं मान्य, पण डॉक्टर जप करत नाहीत. ते वजनाचं उंचीशी गणित मांडतात, त्याला बीएमआय म्हणतात, आणि तो साडेसदतीसच्या आत-बाहेर येतो. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, 40 च्या पुढे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करतात. मधुमेहासारखं दुखणं जोडीला असेल तर 35 पासून. आपल्या भागातून आलेल्यांसाठी ही रेघ आणखी अडीचने खाली धरतात. भाऊजींना मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मास्क लावावा लागतो. म्हणजे ते रांगेत उभे राहायला पात्र आहेत. रांग मात्र मोठी आहे, तेव्हा विचाराला भरपूर वेळ आहे.

‘आमच्या घराण्यात हाडंच जड’ असं तुम्ही म्हणालात. आई, यावर पुण्यातच काम झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इथले डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघंही सडपातळ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकरांची 21.2! आपली रेघ खाली का, ते यावरून कळतं. हाडं बिचारी निर्दोष आहेत.

‘हे नवं खूळ’ असंही बाबा म्हणाले. अमेरिकेत आयोवाला डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये जठराच्या बायपासची पहिली शस्त्रक्रिया केली. तुमचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. आता अशा शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं, आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. दोन प्रकार मुख्य. एकात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि उरतं ते केळ्यासारखं लांबट. दुसऱ्यात, म्हणजे बायपासमध्ये, वरच्या बाजूला जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. भूक लावणारी संप्रेरकंही बदलतात, त्यामुळे नुसती जागाच कमी होते असं नाही. धोका अजिबात नाही असं कुणी डॉक्टर म्हणत नाही. टाक्यांमधून गळती होऊ शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते. गंभीर प्रकार थोडे, पण भाऊजींनी ते सगळे वहीत उतरवून घेतलेत, आणि मला तीच वही जास्त आश्वासक वाटते.

शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे पिठूळ आणि गोड बंद, म्हणजे यकृत आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत नीट पोचता येतं. नंतर आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. आहारतज्ज्ञ बाईंच्या यादीत सूप आणि कुस्करलेला बटाटा होता. आम्ही तिला ताक, वरणाचं पाणी आणि गुरगुट्या भात अशी आपली यादी दिली. तिने भात सोडून सगळ्यावर खुणा केल्या. तिला प्रथिनं हवीत, दिवसाला साठेक ग्रॅम. इथेच एक गोष्ट सांगून टाकते: भाऊजी अंडी खातात. बरीच वर्षं. तुम्ही बसून हे वाचत असाल अशी आशा आहे.

घास वीस-वीस वेळा चावायचा, जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. बाबा आयुष्यभर ‘बत्तीस वेळा चावा’ म्हणत आले, त्यांचा विजय झाला. पण ताटाशेजारचं तांब्या-भांडं मात्र गेलं. बायपास केला तर गोड फार सांभाळायचं. पुरणपोळी घाईने पोचली की धडधड, घाम आणि संडासाकडे धाव, असं होऊ शकतं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, बी-12 ची इंजेक्शनंही. काही महिने केस गळतात. त्या बाबतीत भाऊजींनी आधीच काम उरकलेलं आहे.

मानसोपचारतज्ज्ञांचीही भेट असते. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही कधी खाता?’ भाऊजी म्हणाले, ‘वेळ मिळेल तेव्हा, आणि कुणी रागावलं की.’ हे मला त्यांनी घरी येताना गाडीत सांगितलं, आणि मग हॅरोपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

म्हणून आई, एक मागणं. गणपतीत एका काकूंनी त्यांना आधी ‘कित्ती सुटलायस रे!’ म्हटलं आणि त्याच हाताने ताटात आणखी दोन मोदक वाढले. आपण सगळेच हे करतो. मावशी रोज गरम पाण्यात मध-लिंबाचा निरोप पाठवतात, भाचा वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचे व्हिडिओ. ती इंजेक्शनंही खरी आहेत आणि डॉक्टरांशी त्यावरही बोलणं झालंय. बंद केली की वजन बहुधा परततं, म्हणून भाऊजी दोन्ही तोलून बघताहेत. त्यांनी ‘नको’ ठरवलं तरी आम्ही त्यांच्याबरोबर, ‘हो’ ठरवलं तरी. तुम्ही फोनवर वजन आणि जेवण सोडून काहीही विचारा. क्रिकेट विचारा. लग्नसुद्धा विचारा, त्याची त्यांना सवय आहे.

आमच्या चिनूने एकच प्रश्न विचारला, ‘मग काकाच्या वाटणीची शेव कोणाला?’ वाटाघाटी चालू आहेत.

तुमची,
सुजाता

ता. क. आई, मी विनय. वहिनीने लिहिलंय ते सगळं खरं, अंड्यांसकट. वाटलेलं खायच्या आठवड्यांत मेतकूट चालेल का असं आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं, तर ती म्हणाली आधी त्यात काय काय असतं ते लिहून दे. मला हरभराडाळ आणि हळद एवढंच आठवलं. तुझं प्रमाण पाठव, ग्रॅममध्ये. ‘अंदाजे’ तिला चालत नाही.