गजगती

डबल बासवर खर्जाचे स्वर जलद वाजवणे म्हणजे म्हशीला लंगडी घालायला लावणे. वाद्य माणसाहून उंच, तार दाव्यासारखी, आणि ती छेडायची गजाने. हिंगोलीच्या बाजारात नुसता 'गज' मागितला तर दुकानदार 'आठ एमएम की दहा?' असे विचारून किलोचा भाव सांगतो. वाद्याचा गज लाकडी काडीचा, घोड्याच्या शेपटीचे केस ताणलेला. केसांना राळ चोळतात. निवडणुकीत उडते ती नव्हे, चिकटते ती.

राळ चोळलेले केस तारेला धरून ओढतात, ताण असह्य झाला की तार निसटते आणि लगेच पुन्हा सापडते. चार तारी डबल बासच्या सर्वांत जाड तारेवर ही पकडापकडी सेकंदाला सुमारे 41 वेळा चालते. आता सेकंदात दहा स्वर हवे असतील तर एकेकाच्या वाट्याला येतात जेमतेम चार आंदोलने. व्हायोलिनच्या 440 आंदोलनांच्या तारेला तेवढ्याच वेळात 44 मिळतात. चारांतली दोन खरखरण्यात गेली, की उरलेल्या दोनांत स्वराने आपली ओळख पटवायची. आधार कार्ड घरी विसरून बँकेत गेलेल्याची गत.

नवशिका घाई म्हटली की हात लांब फिरवतो. करायचे नेमके उलटे. गज दोन-तीन बोटेच सरकवावा, केस तारेवरून उचलू नयेत, काम मुठीकडच्या अर्ध्या भागात उरकावे. दंडाचे वजन आधी तारेवर टेकवून मगच हात हलवावा, म्हणजे स्वराला सुरुवातीलाच 'त'सारखे स्वच्छ व्यंजन मिळते. तारा पेलणाऱ्या घोडीकडे जरा सरकल्यास स्वर रेखीव होतो, फार सरकल्यास घोडी खिंकाळते. फ्रेंच पद्धतीत गज वरून धरतात, जर्मन पद्धतीत खालून, करवतीसारखा. श्रेष्ठ कोणती, हा वाद जुना. स्वरांचा चिखल दोन्हींनी सारखाच होतो.

22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात बेथोव्हेनच्या पाचव्या आणि सहाव्या सिम्फनी एकाच संध्याकाळी प्रथम वाजल्या. पाचवीच्या तिसऱ्या भागात खर्जाची वाद्ये अशी धावतात की संगीतकार बर्लिओझला तिथे बागडणारे हत्ती दिसले. गजाचा हाही अर्थ त्याला मराठीवाचून सापडला! सहावीतल्या वादळात मात्र चेलो पाच स्वर घेतात त्या वेळात बास चारच घेतात. दोन्ही एकमेकांत कालवले जातात आणि गडगडाट होतो. चिखल करायचाच तर असा हिशेबाने करावा.

हिंगोलीच्या गल्लीत हेच शास्त्र नंदीबैलवाल्याच्या गुबगुबी या वाद्यात ऐकू येते. तार नाही, घोडी नाही. चामड्याच्या एका तोंडावर वाकडी काठी दाबून घासायची. तिथेही पकड आणि निसट. काठी फार लांब जात नाही, चामडे सोडत नाही. मनगटाने दाब वाढवला की 'गुबू'चा 'उ' वर चढतो. मागे पोरांची रांग असली तरी वाजवणारा लय वाढवत नाही.

डबल बासचा सरावही असाच विलंबित सुरू करावा: चार स्वर, एकच तार, प्रत्येक आरंभ वेगळा ऐकू येईतो. लय कधी वाढवायची, हे मात्र नंदीबैलाला विचारू नये. तो कशालाही मान डोलावतो.