कार्डबप्पा

धाराशिवात बप्पा पुष्कळ. पण ‘कार्डबप्पा’ म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. फक्त एकदा मागं वळून आपल्याकडं दयेनं बघतो.

तहसिलीत अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर दुसऱ्यांची जुनी पत्रं आणि दुसऱ्यांचे जुने फोटो जमवतात. गावातले रद्दीवाले सगळ्यांना किलोवर देतात, बप्पांना नगावर. कारण कार्ड दिसलं की बप्पांचा चेहरा असा उजळतो, की अडाणी माणसालाही त्यावर किंमत वाचता येते. घरात शिरलं की उजव्या हाताला छतापर्यंत बुटांची खोकी. त्यांतल्या एकातही बूट नाहीत. बप्पा स्वतः रबरी चपलेवर असतात.

काकूंचा एक नियम आहे. बप्पा बोलायचे थांबले, की चहा. त्यामुळं त्यांच्याकडचा चहा कसा असतो, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. “हे काय हाय?”

“पोस्टकार्ड.”

“चूक. हे भोक हाय. त्याच्या भोवती कार्ड हाय.”

तेव्हा मला भोकशास्त्राचा पहिला धडा मिळाला. पूर्वी घरोघरी खुंटीला तारेचा आकडा असायचा. आलेलं पत्र वाचून झालं, की त्यात टोचायचं. दहा-वीस वर्षांचं घराणं असं एका तारेवर लोंबत असे. बप्पांकडच्या बहुतेक कार्डांना त्यामुळं मधोमध भोक आहे, आणि बप्पांचा अनुभव असा की जो शब्द महत्त्वाचा, तो नेमका त्या भोकातूनच पडलेला असतो. त्यांच्याकडं एक कार्ड आहे : ‘बाळू मॅट्रिकमध्ये’, मग भोक, मग ‘झाला’. यावर बप्पांनी चार वर्षं घालवलीत.

“पास झाला असता तर पेढ्याचा विषय निघाला असता,” ते म्हणतात. “नापास झाला असता तर कार्डाला कुणी पैसे घातले नसते.”

“मग?”

“मग काय. लोंबकळायलाय बाळू, १९६१ पासून.”

कार्डाची सुरुवात ठरलेली. वरती ‘श्री’, मग ‘शि. सा. न. वि. वि.’, मग ‘इकडील सर्व क्षेम’. या ‘क्षेम’वर बप्पांचा विशेष जीव. बाहत्तरच्या दुष्काळातलं एक कार्ड ते दोन्ही हातांनी धरून दाखवतात. पहिल्या ओळीत सर्व क्षेम. दुसरीपासून : बैल विकले, विहिरीनं तळ दाखवला, सगळं घर खडी फोडायला जायलंय, लाल मिलोची भाकर घशाखाली उतरत नाही. “आपल्याकडं क्षेम असं असतंय,” बप्पा म्हणतात.

कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याकडून वाचून घेणार. म्हणून गावानं कार्डापुरती एक भाषा बनवली, आणि बप्पांनी वहीत तिचा कोश केलाय. ‘मागे बोललेले काम’ म्हणजे उसने पैसे. ‘तब्येत जरा नरम’ म्हणजे सासूशी वाजलं. ‘घरात विचार करून कळवतो’ म्हणजे मुलगी पसंत नाही.

पत्त्याच्या बाजूचं प्रकरण निराळं. बप्पांच्या वाड्याचा पत्ता त्यांच्या देखत आणि त्यांच्या आधी इतक्यांदा बदललाय, की ते सांगताना बोटं मोडतात. निजामाच्या राज्यात निजामाचं टपाल वेगळं. त्याचं तिकीट संस्थानापुरतं चालायचं. येडशीचा घाट उतरून बार्शीला गेलं की इंग्रजांचा मुलूख, तिकडं कार्ड धाडायचं तर इंग्रजांचं तिकीट. पैसाही दोन जातीचा, इकडं हाली, तिकडं कलदार. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान गेलं, १९५० साली निजामाचं टपाल भारताच्या टपालात मिळालं. १९५६ पर्यंत पत्त्यात हैद्राबाद राज्य, मग चार वर्षं मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिन कोड काढला, तेव्हा ४१३५०१ आलं. १९८२ साली लातूर वेगळं झालं, आणि बप्पांचा लातूरचा मेहुणा एका रात्रीत परजिल्ह्यातला झाला. बोलण्यात आधीपासून धाराशिव आणि कागदावर उस्मानाबाद असलेलं गाव २०२३ साली कागदावरही धाराशिव झालं.

“घर जागचं हललं नाही,” बप्पा म्हणतात. “पत्ताच फिरायलाय नुसता.”

पण बप्पांची खरी कीर्ती कोटावर आहे. जुन्या फोटोंचं खोकं उघडलं की नवरदेव, पदवीधर, नोकरीला लागलेले, मुलीकडच्यांना दाखवायला फोटो काढलेले, सगळ्यांच्या अंगात कोट. मागं रंगवलेला ताजमहाल नाही तर कारंजं, शेजारी तिवईवर प्लास्टिकची फुलं, आणि घड्याळ दिसावं म्हणून वर ओढलेली बाही. दोनशे फोटो भिंगाखाली घातल्यावर बप्पांच्या ध्यानात आलं, की कोट एकच. स्टुडिओचा. मापाचा प्रश्न नव्हता; जाड्याला पुढून उघडा, बारक्याला मागून टाचण्या. घड्याळही एकच असावं, कारण वीस वर्षं त्यात दहा वाजून वीसच मिनिटं झालेली आहेत. कोटाचं मधलं बटण एका वर्षी तुटलं आणि त्या जागी दुसऱ्या रंगाचं लागलं. झालं! बप्पांनी धाराशिवच्या इतिहासाचे बटणपूर्व आणि बटणोत्तर असे दोन कालखंड पाडले. कुणी आजोबांचा फोटो घेऊन आला की बप्पा आजोबांच्या तोंडाकडं बघतच नाहीत.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुऱ्यांचं नाव घेताना बप्पा कानाला हात लावतात. त्यांनी शेतांत, ओढ्याकाठी सापडलेल्या सातवाहनकाळच्या वस्तू जन्मभर वेचल्या, त्यात ती प्रसिद्ध हस्तिदंती बाहुली. आज तेरला त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. “त्यांनी सातवाहन गोळा केले,” बप्पा उसासा टाकतात, “मी शेजारी गोळा करायलोय. सातवाहनांचे वारस भांडायला येत नाहीत.”

शेजाऱ्यांचे येतात. एका जोडप्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बप्पांना हौसेनं बोलावलं होतं. ‘जुनं काहीतरी वाचून दाखवा’ अशी फर्माईश झाली. बप्पांनी खिशातून कार्ड काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. नवरदेवाच्या वडिलांचं होतं : ‘मुलगी पाहिली. घरात विचार करून कळवतो.’ एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. बप्पांनी कोश काढून अर्थही सांगितला. पंचाहत्तरीला टेकलेल्या नवरीनं पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याकडं असं बघितलं, की पाहुणे न जेवता चपला शोधू लागले. दुसऱ्या दिवशी नवरदेव बप्पांच्या दारात. “बप्पा, काय करायलाव तुम्ही? माझा संसार मोडायलाव का?”

बप्पांनी शांतपणे विचारलं, “तुमच्याकडं त्याच्या पुढचं कार्ड हाय का?”

एवढ्या खोक्यांत एक गोष्ट मात्र कुठंच नाही. बारसं आहे, मुंज आहे, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली लग्नाची कार्डं तर ढिगानं. मरण नाही. मयताचं कार्ड घरात ठेवायचं नसतं. उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडायचं, आंघोळ करायची. तारेवर ते कधी चढलंच नाही. “माझ्याकडं कुणी मरत नाही,” बप्पा पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. त्यांच्या हिशेबानं सगळे कुठंतरी एकमेकांना क्षेम कळवत बसलेत.

परवा मी तिथं असताना लोहारा तालुक्यातला एक साठीचा माणूस आला. डोक्याला टोपी, हातात पिशवी. त्याचं गाव १९९३च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात गेलं. नवं गाव वसलं, पक्की घरं मिळाली, नातवंडं तिथंच मोठी झाली. त्यानं पिशवीतून एक फोटो काढला. आईवडील. तुळजापूरला नवरात्रात आले होते तेव्हा धाराशिवात उतरून काढलेला.

बप्पांनी सवयीनं भिंग लावलं. “बटणोत्तर,” ते पुटपुटले. “ताजमहाल.”

“तेच की बप्पा,” तो माणूस म्हणाला. “ह्याच्या मागं ताजमहाल हाय. आमचं घर कुठंच नाही. नातू विचारायलाय, घर कसं होतं. तुमच्याकडं आमच्या गावातल्या घराचा एखादा फोटो...”

बप्पांनी मान हलवली. दोनशे फोटो त्यांना पाठ होते. आपल्या घरापुढं उभं राहून फोटो काढावा, असं वाटलेला त्यात एकही नव्हता.

“शिकायला इथं होताव का तुम्ही?” त्यांनी विचारलं. “कुणाच्या वाड्यात?” माणसानं बार्शी नाक्याजवळच्या एका वाड्याचं नाव सांगितलं. बप्पा उठले, तळातलं खोकं ओढलं. वरची चार खोकी कोसळली. ती तशीच पडू दिली, हे मी प्रथम बघितलं. त्या वाड्याची अख्खी तार त्यांच्याकडं होती. बोटं चालत गेली आणि एका कार्डावर थांबली. वडिलांनी गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं.

‘इकडील सर्व क्षेम. मिरगाच्या आत सुट्टी काढून येणे. माळवदावर माती टाकायची आहे. मागच्या साली’, मग भोक, मग ‘बाजूनं गळत होतं.’

बप्पांनी भिंग उचललं. मला वाटलं, आता शक्यता मांडणार. पण माणसानं कार्ड आधीच हातात घेतलं होतं, आणि तो भोकाशी अडखळलासुद्धा नाही.

“चुलीच्या,” तो म्हणाला. “चुलीच्या बाजूनं गळायचं. आई वर परात लावायची. उतरंड इकडं होती, त्याच्या अंगाला जातं, आन् वर सवणं. त्या सवण्यातनं सकाळी ऊन्ह यायचं, ते बरोबर तव्यावर...”

तो सांगत राहिला. बप्पांनी भिंग पालथं ठेवलं. वही ओढली नाही, मध्ये बोलले नाहीत. एक कार्ड कमी झालंय खोक्यातलं, हेही त्यांनी मोजलं नसावं.

आत भांडं वाजलं. काकूंनी आधण ठेवलं होतं.